माईकसमोरचा लेखक

लोअर परळच्या पॅलेडियममध्ये २०१० साली लंडनच्या 'द कॉमेडी स्टोअर'ची शाखा उघडली. तिथे हसायला जाणारा वर्ग इंग्रजी बोलणारा होता, आणि ते तिकीट परवडणाराही. पुढे त्या जागेचं नाव 'कॅनव्हास लाफ क्लब' झालं, यूट्यूब घराघरात पोचलं, २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमने एका दमात चौदा भारतीय विनोदकारांशी करार केले. 'हक से सिंगल' घेऊन इंदूरचा झाकिर खान आला आणि मॉलमधली ही कला हॉस्टेलच्या खोल्यांत शिरली. त्याच झाकिरने २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत कार्यक्रम केला. त्याआधी २०२३ मध्ये वीर दासला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला आणि उरूज अश्फाक एडिंबरा महोत्सवात नवोदितांचा पुरस्कार घेऊन आली. पंधरा वर्षांत इतकी मजल दुसऱ्या कुठल्या मंचीय कलेने मारली असेल असं वाटत नाही.

तरीही सलग दहा कार्यक्रम पाहिले की मनात एक तक्रार घर करते. यात बोललेलं खूप आहे, लिहिलेलं फार थोडं. पहिल्या रांगेतल्या जोडप्याला विचारायचं, कुठून आलात, काय करता, लग्न झालंय का, आणि उत्तरावर कोटी करायची. याला 'क्राउडवर्क' म्हणतात आणि रील्सचा निम्मा बाजार त्यावर चालतो. त्यामागचा हिशेब सरळ आहे. लिहिलेला विनोद एकदा यूट्यूबवर गेला की तिकीट काढून आलेला माणूस त्याला दुसऱ्यांदा हसत नाही. म्हणून पक्का तास दौऱ्यासाठी राखून ठेवायचा आणि मोबाइलवर हा फुकटचा माल सोडायचा. हळूहळू मात्र फुकटचा मालच मुख्य होतो. तासभराचं लेखन पक्कं व्हायला महिनोन्महिने ओपन माइकवर पाच-पाच मिनिटांचे तुकडे घासावे लागतात. रोज एक रील टाकायच्या घाईत ते कोण करणार?

वरुण ग्रोव्हरकडे पाहायचं ते या पार्श्वभूमीवर. सगळ्यात जास्त हशा त्याला मिळतो असं नाही, स्टेडियम तर तो भरतच नाही. पण माईकसमोर उभा असलेला माणूस आधी लेखक आहे हे त्याच्याइतकं क्वचितच कुणाकडे पाहून जाणवतं. जन्म १९८० चा, हिमाचलातल्या सुंदरनगरचा. वाढला डेहराडून आणि लखनौमध्ये, बनारस हिंदू विद्यापीठातून स्थापत्य अभियंता झाला. मग काही काळ पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली. त्या काळात पुण्यात येणाऱ्या निम्म्या उत्तर भारतीय इंजिनिअरांची हीच कथा होती. फरक इतकाच की याने ती सोडून मुंबई गाठली. स्टार वनवरच्या 'द ग्रेट इंडियन कॉमेडी शो'साठी तो लिहू लागला. पुढे सुमीत राघवन ज्याचा सूत्रधार होता त्या 'जय हिंद'साठीही लिहिलं. दूरचित्रवाणीच्या लेखकाचं जिणं म्हणजे आपण लिहायचं आणि टाळ्या दुसऱ्याने घ्यायच्या. त्या उमेदवारीत एक शिस्त अंगी बाणते: वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, बोलणारा कोण यावर त्याला विसंबता येत नाही.

मंचावर तो जे करतो त्यात घाई नसते. आवाज चढत नाही, हातवारे जेमतेम. आधी तो समोरच्याचं म्हणणं मान्य करतो, अगदी अदबीने. प्राचीन काळी आपल्याकडे सगळं विज्ञान होतं, असा एखादा दावा घ्या. दुसरा विनोदकार त्याची खिल्ली उडवेल. ग्रोव्हरची रीत वेगळी. हो, होतं ना, असं म्हणून तो पुढचे व्यावहारिक प्रश्न काढतो, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि तो दावा स्वतःच्याच वजनाने खचेपर्यंत सौम्यपणे हे चालू ठेवतो. हरिशंकर परसाईंची 'इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर' ही कथा ज्यांनी वाचली असेल त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. आपले पोलीस जगात सर्वोत्तम आहेत हे परसाई आधी मान्य करतात आणि मग एका इन्स्पेक्टरला चंद्रावर तिथल्या पोलिसांना शिकवायला पाठवतात. पुढचं सगळं तर्कानेच घडतं. मंचाबाबतही हिंदीत जुना दाखला आहे. कविसंमेलनात कवितेच्या जागी चक्क गद्य वाचून शरद जोशी सभागृह जिंकत. ग्रोव्हरला अमेरिकी स्टँड-अपच्या वंशावळीत बसवणारे या दोघांना विसरतात. त्याचं वाक्य लखनवी हिंदीत वळतं, क्रियापदाला शेवटपर्यंत थांबवून ठेवतं, आणि हशा त्या क्रियापदावर येतो. असं वाक्य इंग्रजीत विचार करून सुचणार नाही.

'इंडियन ओशन' या बँडचा राहुल राम आणि विनोदकार संजय राजौरा यांच्याबरोबर त्याने 'ऐसी तैसी डेमोक्रसी' काढलं. त्याचा साचा मराठी माणसाला परका नाही: थोडं बोलणं, थोडं गाणं, गाण्यात लोकप्रिय चालीवर रचलेलं राजकीय विडंबन. 'पडोसन'मधल्या खिडकीच्या गाण्याची त्यांनी भारत-पाक सरहद्द करून टाकली आणि ते दोन्ही बाजूंना ऐकलं गेलं. कल्पना चटकदार होती. पण त्यांची सगळीच गाणी तितकी टिकणारी नव्हती. विडंबनाला मूळ गाण्याच्या यमकात बसावं लागतं, आणि बातमी शिळी झाली की यमक तेवढं उरतं. तिघांत ग्रोव्हरचं बोलणं वेगळं काढून ऐकलं तर ते अधिक काळ तग धरतं, असं माझं मत.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं पेटली असताना त्याने कागद न दाखवण्याविषयीची कविता वाचून टाकली आणि तिच्यावर स्वतःचा हक्क ठेवला नाही. ती इतर भाषांत गेली, मोर्च्यांत म्हटली गेली. त्यानंतर त्याच्याकडून लोकांची अपेक्षा बदलली. आता तो काही बोलायच्या आधीच सभागृह टाळ्यांना तयार असतं. हशा आणि टाळी यांत फरक आहे. हशा माणसाला बेसावध पकडतो. टाळी वाजवणाऱ्याला पुढचं वाक्य आधीच पटलेलं असतं. ग्रोव्हरच्या अलीकडच्या काही चित्रफितींत टाळी हशाला गाठते, क्वचित मागेही टाकते. परसाईंना ही अडचण नव्हती, कारण त्यांचे वाचक स्तंभ उघडताना कुठल्या पक्षाचे आहेत हे त्यांना दिसत नव्हतं. तिकीट काढून आलेला प्रेक्षक मात्र निवडून आलेला असतो. मुद्दा पटवायचा कुणाला, हा प्रश्न राजकीय स्टँड-अपला आज सर्वाधिक सतावतो, आणि ग्रोव्हरला त्यातून वाट सापडली आहे असं मी म्हणणार नाही. स्वतःच्याच वर्गावर, म्हणजे आयआयटीचं स्वप्न पाहणाऱ्या उत्तर भारतीय मध्यमवर्गावर तो बोट ठेवतो, तेव्हा सभागृह थोडं अवघडतं. तिथेच तो सर्वांत धारदार असतो.

पडद्यावरच्या लेखनाने त्याला मंचावर मोकळीक दिली, हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. स्नेहा खानवलकरच्या चालींसाठी 'गँग्स ऑफ वासेपूर'ची गाणी (२०१२), मग 'मोह मोह के धागे'साठी राष्ट्रीय पुरस्कार, आणि नीरज घायवान दिग्दर्शित 'मसान'ची पटकथा; या चित्रपटाला २०१५ मध्ये कान महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले. घर गाण्यांवर आणि पटकथांवर चालत असेल तर मंचावर प्रेक्षकाची मर्जी राखावी लागत नाही, प्रायोजकाचीही नाही. इतरांचं पोट ज्या कार्यक्रमांवर असतं त्यांना ही चैन कुठली?

त्यातही 'सेक्रेड गेम्स' मला फार बोलका वाटतो. विक्रम चंद्रांच्या कादंबरीतून ग्रोव्हर, स्मिता सिंह आणि वसंत नाथ यांनी जी मालिका बांधली, तिचा कणा म्हणजे गणेश गायतोंडेचं निवेदन. हा मराठी गुंड थेट आपल्याशी बोलतो. स्वतःची बढाई मारतो, स्वतःलाच टोमणे मारतो, देशाचा इतिहास आपल्या आत्मचरित्राची तळटीप असल्यासारखा सांगून टाकतो. डोळे मिटून ऐका, तो एका माणसाचा मंचीय प्रयोग आहे. पहिल्या पर्वात ही लय जमली. दुसऱ्यात गुरुजींच्या आश्रमात शिरल्यावर गायतोंडे ऐकणारा झाला आणि मालिका बसली.

स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'ऑल इंडिया रँक'मध्ये (२०२४ मध्ये प्रदर्शित) तो नव्वदच्या दशकातल्या, आयआयटीच्या शिकवण्यांच्या कोटा शहरात गेला. चित्रपट सज्जन आहे, आणि तेच त्याचं दुखणं. मंचावर ज्या वर्गाला तो सोडत नाही, त्याच वर्गाच्या घरात कॅमेरा नेल्यावर त्याचा हात थरथरतो. आईवडील प्रेमळ, मित्र निरागस, टेलिफोन बूथसुद्धा गोड. स्मरणरंजनापुढे उपरोध टिकत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

कारण मराठीत हेच झालं आहे. एकट्या माणसाने दोन-तीन तास सभागृह हसवत ठेवण्याची परंपरा आपल्याइतकी कुणाकडे आहे? पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ', मिरासदार-पाटील-माडगूळकरांचं कथाकथन, पन्नासहून अधिक पात्रं एकट्याने उभी करणारं लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. पण या सगळ्यात बोलणारा स्वतः बाजूला असतो. हसू येतं ते पात्रांचं. अंतू बर्वा कुणाला सोडत नाही, गांधी-नेहरूंनाही नाही, पण तो रत्नागिरीचा अंतू बर्वा असतो, पुलं नव्हे. पुलंना स्वतःच्या तोंडाने राजकारण बोलायचं झालं तेव्हा, १९७७ मध्ये, ते जनता पक्षाच्या प्रचारसभेत बोलले. चाळ वेगळी राहिली, सभा वेगळी. थेट सत्तेला टोमणा मारायचं काम आपल्याकडे सोंगाड्याचं होतं. 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं जागच्या जागी घालत आणि प्रेक्षक त्यासाठी पुन्हा येत.

आजच्या मराठी स्टँड-अपने वारसा घेतला तो कथाकथनाचा. सोंगाड्या त्याला वर्ज्यच आहे. 'भाडिपा'ने मराठी स्टँड-अपला तिकीट मिळवून दिलं, ही मोठी कामगिरी. दूरचित्रवाणीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' उत्तम नटांच्या जोरावर चालते, पण ते प्रहसन आहे, त्यात 'मी' नाही. मंचावरच्या मराठी तरुणांचे विषय मात्र ठरलेले आहेत: आई, पुणेरी पाट्या, स्थळं पाहणं, परदेशी मराठी मंडळातला गणपती. सादरीकरण बहुधा चोख, बेअरिंग पक्कं, लोकही हसतात. पण बोलणारा कोण, त्याला काय डाचतं, हे तासभरानंतरही कळत नाही. जातीचा विषय तर पूर्ण बंद. दया पवार, नामदेव ढसाळ ज्या भाषेत लिहून गेले त्या भाषेत मंचावरचा विनोद जातीबद्दल इतका गप्प असावा, याचं मला खरंच नवल वाटतं.

अर्थात गप्प राहण्याला कारणं आहेत आणि ती सगळी कलेच्या आतली नाहीत. मुनव्वर फारुकीला २०२१ च्या पहिल्याच दिवशी इंदूरमध्ये अटक झाली आणि जामीन सर्वोच्च न्यायालयात मिळेपर्यंत महिन्याहून जास्त काळ गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत सोलापुरात कार्यक्रमानंतर मारहाण झाल्याची तक्रार प्रणित मोरेने केली. निमित्त एका नटावरच्या विनोदाचं होतं. मार्चमध्ये कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर म्हटलेलं विडंबन बाहेर आलं आणि ते जिथे झालं त्या खारच्या 'हॅबिटॅट'ची शिवसैनिकांनी मोडतोड केली. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'ला त्याच वर्षी शंभर वर्षं पूर्ण होत होती. या योगायोगावर मराठी साहित्यविश्वात फारशी कुणी नजर टाकली नाही.

कामराचं प्रकरण न्यायालयात गेलं, तो प्रसिद्ध आहे, त्याच्यामागे वकील उभे राहिले. मोडलेल्या जागेचं नुकसान निराळं. मुंबईतल्या कित्येक नव्या मुलांनी आपली पहिली पाच मिनिटं तिथे घासली होती. पडलेला विनोद घरी नेऊन, एक शब्द बदलून, पुढच्या आठवड्यात परत आणला होता. लिहायचं कसं हे त्या खोलीत कळत असे. ग्रोव्हरला गाणी आहेत, पटकथा आहेत. मंच उद्या बंद झाला तरी तो लेखक म्हणून उरेल. नाशिकच्या किंवा नागपूरच्या एखाद्या मुलाला ओपन माइकसाठी मिळतो तो कॅफेचा वरचा मजला, आणि मालक आता नाव लिहून घेण्याआधीच विचारू लागले आहेत, राजकारण नाही ना? तो नाही म्हणतो आणि पहिल्या रांगेतल्या जोडप्याला कुठून आलात ते विचारायला लागतो.