नकाराची भाषा : गावातील रहस्याच्या कथाखेळांविषयी

१

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी या वस्तीच्या नावात ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे हा शब्द अजून शाबूत आहे. खेडे मात्र बाह्य वर्तुळमार्गाच्या वर्दळीत आणि भाडेकरूंच्या इमारतींच्या दाटीत कधीच दिसेनासे झाले. नावाच्या पूर्वार्धाचा उलगडाही एकमुखी नाही. मराठी कानाला त्यात ‘मराठा’ ऐकू येतो. तर जवळच्याच हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडलेल्या आणि १९६१ साली प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी हे नाव जोडणारी आख्यायिकाही सांगितली जाते. ज्या गावाच्या नावाचाच अर्थ प्रत्येकाकडून निराळा मिळतो, ती भूमी रहस्यकथेस अनुकूल म्हणावयास हरकत नाही.

नोकरीसाठी येथे येऊन राहणाऱ्या मराठी तरुणाचा या भूमीशी पहिला व्यवहार दोन शब्दांचा असतो. ‘इल्लि निल्लिसि’, इथे थांबवा. ‘स्वल्प कोडि’, थोडे द्या. एवढ्या शिदोरीवर तो रिक्षा थांबवितो, भाजी घेतो, पत्ता विचारतो. आणि त्यापलीकडचे काही विचारावयाचे झाले की दोन्ही बाजूंनी एकच शब्द उरतो : ‘गोत्तिल्ल’. ठाऊक नाही. त्याला भाषा ठाऊक नाही. समोरच्याला त्याचे म्हणणे ठाऊक नाही. हाच तरुण रात्री संगणकासमोर बसून ‘टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ओळखला जाणारा कथाखेळ खेळू लागला, तर तेथेही तो दोन-दोन शब्दांतच बोलत असतो. या खेळात चित्र नसते, आवाजही बहुधा नसतो. पडद्यावर एक परिच्छेद उमटतो : गाव, पाऊस, बंद दार. त्याखाली एक रिकामी जागा वाचकाची वाट पाहत राहते. ‘उत्तरेस जा’, ‘दार उघड’, ‘म्हाताऱ्याला घराविषयी विचार’ अशा अर्थाची इंग्रजी आज्ञा वाचकाने लिहावयाची. ती उमगली तर कथा पुढे सरकते. न उमगली तर यंत्र तसे सांगते आणि कथा जागच्या जागी थांबते.

या न उमगण्याचे, या नकाराचे स्वरूप काय, हाच या वाङ्मयप्रकाराच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे. नकार यंत्राचा असेल तर तो दोष होय; नकार गावाचा असेल तर ती कला होय. छोट्या गावातील काळोख्या रहस्यावर रचलेले कथाखेळ ज्या प्रमाणात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करतात, त्या प्रमाणात ते साहित्याच्या कक्षेत येतात.

२

या प्रकाराचा उगम गावात नाही, गुहेत आहे. विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या गुहांचा शोधक होता. त्या गुहांच्या ज्ञानावर त्याने १९७५-७६च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ रचला, आणि डॉन वुड्स याने १९७७ साली त्याचा विस्तार केला. आज्ञा एका किंवा दोन शब्दांची असावी, हा दंडक तेथूनच आला. गुहेचे एक सुख असे की तेथे माणसे नसतात. दगडाला प्रश्न विचारावा लागत नाही, आणि दगड गप्प राहिला तर त्याचे नवल वाटत नाही.

रहस्यकथेला मात्र माणसे हवीत. मार्क ब्लँक याच्या ‘डेडलाइन’ने (१९८२) ती आणली. एका श्रीमंत गृहस्थाचा मृत्यू, बारा तासांची मुदत आणि आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे घरभर वावरणारी माणसे. वाचक बागेत रेंगाळला तर दिवाणखान्यातील संभाषण त्याच्या पाठीमागे होऊन जाते. छापील कथेत वाचक येईपर्यंत प्रसंग त्याच्यासाठी ताटकळत असतो. येथे तो ताटकळत नाही. तपासाचा कच्चा माल म्हणून जबानीचे कागद आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचकाच्या हाती प्रत्यक्ष छापून दिलेला असे. यामागे एक रोकडे कारणही होते : त्या काळच्या घरगुती संगणकाची स्मृती तुटपुंजी होती आणि ‘डेडलाइन’ काढणाऱ्या इन्फोकॉम या संस्थेच्या सुरुवातीच्या खेळांना १२८ किलोबाइटांच्या आत मावावे लागे. जे यंत्रात मावत नव्हते ते कागदावर गेले.

छोटे गाव या प्रकाराला मानवले, त्यालाही असेच दुहेरी कारण आहे. महानगर रचावयाचे तर हजार दारे लिहावी लागतील, आणि त्यांतील नऊशे नव्वद बंदच ठेवावी लागतील. गाव पन्नास-साठ जागांत संपते. पण ही झाली कारागिराची सोय. कलेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, गावात सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणी काही बोलत नाही. म्हणजे ज्या अपुऱ्या शब्दसंग्रहामुळे यंत्र मुके पडते, त्या मुकेपणाला गाव एक नैतिक कारण पुरविते.

३

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मायकेल जेंट्री याचा ‘अँकरहेड’ (१९९८, सचित्र सुधारित आवृत्ती २०१८). मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील एका कल्पित गावी एक विवाहिता आपल्या पतीबरोबर राहावयास येते. पतीला दूरच्या नातलगांचे जुने घर वारशाने मिळालेले आहे. प्रारंभी ती घरांच्या दलालाच्या कचेरीबाहेर उभी आहे. किल्ली हवी आहे, पण दलाल जागेवर नाही. दार बंद. वाचक शिष्टाचाराने जे जे करील ते ते निष्फळ ठरते. शेवटी शेजारच्या बोळात शिरून खिडकीवाटे परक्याच्या कचेरीत उतरावे लागते.

हा प्रवेश क्षुल्लक वाटतो, पण सबंध कृतीचे सूत्र त्यात आहे. गावाचे रहस्य जाणून घेण्याची किंमत म्हणून वाचकाला पहिल्याच तासाला मर्यादाभंग करावयास लावलेला आहे, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने, स्वतः शब्द लिहून केलेला आहे. छापील कादंबरीत नायिका खिडकीतून शिरली तर वाचक फार तर मान हलवील. येथे ‘खिडकीतून आत जा’ ही आज्ञा त्याचीच असते. पुढे ग्रंथालय, जुनी वृत्तपत्रे, कुळांच्या नोंदी यांतून पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनाचाराची साखळी उलगडत जाते, आणि प्रत्येक कडी वाचकाने कोणाचे तरी खासगी कपाट उघडल्यावाचून हाती येत नाही. कुतूहल ही निष्पाप वृत्ती नव्हे, हे विधान येथे कोणी करीत नाही. ते वाचकाकडून घडते.

गावकऱ्यांचे मौनही असेच अर्थपूर्ण आहे. वाचक दहा गोष्टींविषयी विचारतो. उत्तर दोहोंचे मिळते. उरलेल्या आठांचे उत्तर लेखकाने लिहिलेलेच नाही, हे कारागिरीचे सत्य. परंतु परक्या बाईला हे गाव काही सांगणार नाही, असा ग्रह वाचकाच्या मनात आधीच झालेला असल्यामुळे ते सत्य त्याला जाणवत नाही. कलाकृतीची मर्यादाच तिच्या आशयाचा भाग व्हावी, ही कोणत्याही कलेत सहज न साधणारी गोष्ट आहे.

तरीही ही कृती निर्दोष नव्हे. या पिढीतील अनेक खेळांप्रमाणे येथेही एखादी वस्तू वेळेवर न उचलल्यास पुढील वाट बंद होते, आणि वाचकाला ते बऱ्याच उशिरा कळते. हा नकार गावाचा नाही, हिशेबनिसाचा आहे. शिवाय कथा उत्तरार्धात एच. पी. लव्हक्राफ्टच्या (१८९०–१९३७) परंपरेतील विश्वसंहाराच्या भयाकडे वळते तेव्हा गाव मागे सरते आणि कोडी पुढे येतात. पहिल्या दिवशी पावसात उभ्या असलेल्या एकट्या स्त्रीचे भय जितके खरे वाटते, तितके जगाच्या अंताचे भय खरे वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही सारी कोड्यांची करमणूक आहे. तिला साहित्याचा निकष कशाला? या शंकेला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. वेताळपंचविशीत वेताळ कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. राजाने उत्तर ठाऊक असून मौन धरले तर मस्तकाची शकले होतील. बोलला तर मौन मोडले म्हणून प्रेत पुन्हा झाडावर. ऐकणाऱ्याच्या उत्तराने कथेची गती ठरते, आणि बोलणे व न बोलणे दोन्ही सारखेच धोक्याचे असते. स्मशान, रात्र, प्रश्न आणि सक्तीचे उत्तर ही मांडणी आपल्याला नवी नाही. यंत्र तेवढे नवे आहे.

४

मराठी रहस्यकथेने मात्र ही वाट फारशी चोखाळली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांत वाचक झुंजार किंवा धनंजय यांच्या मागोमाग धावतो. त्याला स्वतः काही ठरवावयाचे नसते. नारायण धारपांनी ‘लुचाई’त स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीतील अनिष्टाने ग्रासलेले गाव मराठीत आणले, आणि परके भय देशी वस्तीत रुजू शकते हे दाखविले. धारवाडला इंग्रजी शिकविणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) दोन दीर्घकथांत अपरिचित प्रदेशातून चालणारा आणि प्रत्येक भेटीत अधिक एकाकी होत जाणारा प्रवासी आहे. कथाखेळाच्या नायकाला याहून जवळचा भाऊबंद मराठीत सापडणे कठीण. साहित्य आहे, परंपरा आहे; प्रश्न भाषेच्या घडणीचा आहे.

हा प्रश्न किती खोल आहे हे अनुवादाला बसल्यावरच कळते. ‘आरसा पाहा’ ही आज्ञा साधी. पण वाचक ‘आरशात पाहा’, ‘आरशाकडे पाहा’, ‘आरशामागे पाहा’ असेही लिहील. इंग्रजीत त्या वस्तूचे नाव कोठेही तेच राहते. मराठीत विभक्ती लागताच ‘आरसा’चा ‘आरशा’ होतो, ‘विहीर’ ऱ्हस्व होते, ‘वाडा’चा ‘वाड्या’ होतो. वस्तूची ही सामान्यरूपे यंत्राला शिकविली नाहीत, तर डोळ्यांसमोरच्या आरशाविषयी ते ‘असे येथे काही नाही’ म्हणून मोकळे होईल. हा पुन्हा यंत्राचा नकार. ग्रॅहम नेल्सन याने १९९३ मध्ये निर्माण केलेल्या ‘इन्फॉर्म’ या रचनासाधनाची स्पॅनिश, इटालियन, जर्मन इत्यादी भाषांसाठी रूपांतरे झाली आहेत. तेव्हा ही अडचण कष्टाची आहे, अशक्यतेची नाही.

खरी कसोटी संबोधनाची. इंग्रजीतील ‘यू’ला लिंग नाही आणि मानपानही नाही. मराठीत ‘तू आत शिरलास’ की ‘शिरलीस’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. ‘तुम्ही आत शिरलात’ म्हटले की लिंग झाकते, पण जवळीकही जाते. भयाच्या प्रसंगी ‘तुम्ही’ हे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचे संबोधन वाटते. मात्र मराठी येथे एक विलक्षण सोय करून ठेवते. ‘तू पेटी फोडलीस’, ‘तू पत्र वाचलेस’, ‘तू दरवाजा उघडलास’, या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाला अनुसरते; कर्ता पुरुष की स्त्री हे त्यावरून कळत नाही. म्हणजे ‘शिरणे’, ‘थांबणे’, ‘घाबरणे’ यांत माणूस उघडा पडतो आणि ‘फोडणे’, ‘वाचणे’, ‘चोरणे’ यांत तो आपल्या कृत्यामागे लपतो. अपराधाच्या कथेला व्याकरणाने याहून मोठे दान कोणते द्यावे?

गावकऱ्यांच्या तोंडची संबोधने तर स्वतःच पुरावे होत. ‘अँकरहेड’मधील स्त्री मराठी गावात आली असती तर दुकानदार तिला ‘बाई’ म्हणाला असता, शेजारीण ‘वहिनी’; आणि कोणीही ओळख करून दिलेली नसताना ओट्यावरचा एखादा म्हातारा तिला ‘सूनबाई’ म्हणाला असता, तर त्या एका शब्दाने वाचकाच्या अंगावर काटा उभा राहिला असता. घराण्याशी तिचे नाते याला कसे ठाऊक? इंग्रजी कथेला ही माहिती दप्तरे चाळून मिळवावी लागते; मराठीत ती हाक मारण्यातच दडलेली असते. मग पुढे तोच म्हातारा तिला ‘अहो, तुम्ही’ म्हणू लागला, तर काही तरी बिघडले आहे हे वाचकाने न सांगता ओळखावे.

५

तात्पर्य, या प्रकाराला मराठीत आणावयाचे तर इंग्रजी आज्ञांना मराठी शब्द लावून भागणार नाही. त्यासाठी मराठी गावाचा नकार ऐकावा लागेल. आपल्याकडे ‘ठाऊक नाही’ असे क्वचितच कोणी सरळ म्हणतो. ‘असेल बुवा’, ‘आमच्या वेळची गोष्ट नाही ती’, ‘चहा घेणार ना?’ ही सारी नकाराचीच रूपे आहेत, आणि प्रत्येकात लपविणाऱ्याचे वय, जात, नाते आणि भय उमटलेले असते. ज्या लेखकाला हे नकार लिहिता येतील, त्याच्या गावाला कोड्यांची फारशी गरज उरणार नाही.

मारतहळ्ळीतील त्या तरुणापाशी असे एखादे गाव बहुधा असते. ते त्याने मागे सोडले आहे. तेथील कोणत्या दारापाशी आवाज खाली आणावयाचा, हे त्याला शिकवावे लागत नाही. येथल्या रस्त्यावर मात्र तो दोन शब्दांचा धनी आहे, आणि ‘गोत्तिल्ल’ या शब्दातील अज्ञान कोणते व मौन कोणते, हे त्याला अद्याप ओळखता येत नाही. एका गावाचे मौन पुरते कळते आणि दुसऱ्याची भाषा कळत नाही, अशा या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून मराठीतील असा पहिला कसदार कथाखेळ लिहिला जावा, हे अगदी स्वाभाविक होईल.