आरोग्याची सनद, पण मोजपट्टीविना

विद्यार्थ्याला ‘तब्येत सांभाळ’ असे सांगणे सोपे असते. पण वसतिगृहाची खोली कोंदट, खाणावळीत तळलेल्या पदार्थांखेरीज काही नाही आणि चार दिवसांत पाच परीक्षा, अशी स्थिती असेल तर त्याने ती सांभाळावी कशी? आरोग्य केवळ व्यक्तीच्या सवयींवर नव्हे, तर ती जेथे राहते, शिकते, काम करते तेथील रचनेवरही अवलंबून असते, हा विचार १९८६ च्या ओटावा सनदेने जगापुढे ठेवला.

तोच विचार विद्यापीठांना लावणारा दस्तऐवज म्हणजे ‘ओकानागन सनद’. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या केलोना येथील आवारात २०१५ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून ती तयार झाली. तिची आवाहने दोन. पहिले, प्रशासन, दैनंदिन कामकाज आणि अध्यापन या सर्वांत आरोग्याचा विचार मुरला पाहिजे. दुसरे, आवाराबाहेरही विद्यापीठांनी आरोग्यासाठी पुढाकार घ्यावा. यातले पहिले मला फार मोलाचे वाटते. परीक्षेचे वेळापत्रक हाही मग आरोग्याचा प्रश्न ठरतो. तो नुसता समुपदेशकाकडे ढकलता येत नाही.

मग उणीव कोठे आहे? सनद माणूस, परिसर आणि पृथ्वी यांचे हित एका दमात सांगते. ही हिते नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील फ्यूम हूड घ्या. विषारी वाफा बाहेर ओढून नेणारे हे काचेचे कपाट संशोधकाची फुप्फुसे वाचवते. पण त्याबरोबर खोलीतील तापवलेली किंवा थंड केलेली हवाही सतत बाहेर जाते आणि तेवढीच नवी हवा पुन्हा तापवावी वा थंड करावी लागते. आरोग्य साधते, ऊर्जा मात्र वाया जाते. यावर उपाय पंखा बंद करण्याचा नव्हे. काम नसताना काच खाली ओढायची आणि काच खाली येताच पंख्याचा वेग कमी होईल अशी यंत्रणा बसवायची. म्हणजे सवय आणि रचना दोन्ही बदलायच्या. त्यासाठी आधी हवा किती जाते, वीज किती लागते, हे मोजावे लागते.

सनदेत मात्र आकड्यांत मांडलेले एकही उद्दिष्ट नाही, मुदतही नाही. पुराव्यावर आधारित कृती करा असे ती सांगते. काय मोजायचे हे संस्थांवर सोपवते. देशोदेशीची परिस्थिती वेगळी असल्याने हे समजण्यासारखे आहे. तरीही एखाद्या संस्थेने सही केली आणि काहीच बदलले नाही, तर ते सनदेच्या आधारे सिद्ध कसे करणार? जे विधान चूक ठरवण्याची सोयच नाही, त्यावर विज्ञान फारसे विसंबत नाही. तोच निकष येथेही लावावा.

शाळेला सनदेची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात दुपारी फळा शेवटच्या बाकावरून दिसतो का, पाण्याचा एक नळ किती मुलांना पुरवावा लागतो, सुटीत मुलींना स्वच्छतागृहासाठी किती मिनिटे थांबावे लागते, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. आकडे लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. सनदेत नसलेले हे कोष्टक आपण सहज जोडू शकतो.