ऊसतोडीची पाळी आणि प्रतीक्षेचे व्यवस्थापनशास्त्र : एक चिकित्सा

सेवा व्यवस्थापनाच्या अभ्यासात ग्राहकाची प्रतीक्षा ही महत्त्वाची संकल्पना आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ अर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्राच्या अभ्यासातून रांगेच्या गणिताचा पाया घातला. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेचे मानसशास्त्र मांडले. रिकामा वेळ अधिक लांब वाटतो, तसेच अनिश्चित, कारण न सांगितलेली व अन्याय्य प्रतीक्षा अधिक जाचते, ही त्यांची प्रमुख विधाने होत. सोनपेठसारख्या गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात ती कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊस उत्पादक हा कारखान्याचा पुरवठादार मानला जातो. परंतु महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च उसाच्या देय रकमेतूनच वजा होतो. म्हणजेच ही सेवा शेतकरी विकत घेतो; या अर्थाने तो ग्राहकही ठरतो. मात्र बँकेतील ग्राहक रांग सोडून परत जाऊ शकतो, उभा ऊस तसा जाऊ शकत नाही.

२०२१-२२ च्या हंगामात याचा प्रत्यय आला. राज्यात सुमारे १,३२० लाख टन उसाचे गाळप व १३७ लाख टन साखरेचे उत्पादन झाले. हा विक्रम होता; तरीही मराठवाड्यात ऊस शेतात उभा राहिला आणि हंगाम जूनपर्यंत लांबला. पक्व उसाला तुरा येतो, तो पोकळ होतो, वजन घटते. मेस्टर यांची मांडणी प्रतीक्षा कशी 'वाटते' यावर भर देते. येथे प्रतीक्षा केवळ वाटत नाही, ती वजनकाट्यावर दिसते. रिकामा वेळ रमवण्याचे उपाय येथे निरर्थक ठरतात.

शासनाने १ मे २०२२ नंतरच्या गाळपास उतारा घटीपोटी टनामागे २०० रुपये, तसेच ५० किलोमीटरपुढील वाहतुकीस टनामागे प्रति किलोमीटर ५ रुपये अनुदान दिले. गाळप पूर्ण होण्यास त्याने साहाय्य झाले. परंतु त्याचे निकष उतारा व अंतर हे होते. शेतकऱ्याने सोसलेली वजनातील घट हा निकष नव्हता. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार रक्कम १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे व विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज आहे. मात्र ही मुदत ऊस पोचल्यावर सुरू होते. त्याआधीची प्रतीक्षा या हिशेबाबाहेरच राहते.

मेस्टर यांची अनिश्चितता व अन्याय यांविषयीची विधाने मात्र येथे तंतोतंत लागू पडतात. पाळी केव्हा येणार हे न कळल्यामुळेच मुकादमाची मनधरणी सुरू होते व 'खुशाली'ला वाव मिळतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'महा-ऊस नोंदणी' ॲपमुळे नोंदणी सुलभ झाली. पण नोंद म्हणजे पाळी नव्हे.

सारांश, लागवडीच्या तारखेनुसार पाळीची यादी गावोगाव जाहीर व्हावी आणि पाळी चुकल्यास होणाऱ्या वजनघटीची भरपाई ठरवावी. प्रतीक्षेचा खर्च केवळ प्रतीक्षा करणाऱ्यावरच पडत असेल, तोवर ती कमी करण्याची निकड इतर कोणासही भासणार नाही.