नळ आधी, गटार मागाहून

शहराला लागून नवी वसाहत उभी राहते, पालिकेची हद्द वाढते आणि मग पाणी व ड्रेनेज तिथवर न्यायचा प्रश्न येतो. साताऱ्याची हद्दवाढ सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. शाहूपुरी, विलासपूर ही उपनगरं पालिकेत आली. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली, पण भुयारी गटारासाठी कुपवाडकरांना दोन दशकांहून अधिक काळ मागणी करत राहावं लागलं. आधी नळ, गटार मागाहून, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. आमची टीका या क्रमावर आहे.

थोडा हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत माणशी रोज १३५ लिटरचं माप होतं. ते भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरांसाठी. गटार नसेल तिथं माप ७० लिटरचं होतं. म्हणजे नळ आणि गटार ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत, हे नियम करणाऱ्यांनाही मान्य आहे. पुरवलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. पाच माणसांच्या घरात रोज ६७५ लिटर आलं, तर ५४० लिटर बाहेर पडणार. ते जातं कुठं? शोषखड्ड्यात, रस्त्याकडेच्या उघड्या गटारात, ओढ्यात आणि शेवटी नदीत.

सांगलीचा शेरीनाला सगळ्यांच्या माहितीचा आहे. ज्या कृष्णेचं पाणी शहर पितं, तिच्यातच तो मिसळत आला. साताऱ्याची वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते आणि तीच कृष्णा कऱ्हाडवरून सांगलीला येते. वरच्या वसाहतीनं टाळलेला खर्च खालच्या गावाच्या घागरीत उतरतो.

आता गुंठेवारीकडे येऊ. २००१ च्या कायद्यानं १ जानेवारी २००१ पूर्वीचे तुकडे नियमित करायची वाट काढली. २०२१ च्या दुरुस्तीनं ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. हेतू माणुसकीचा होता. ज्यांना मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता, त्यांनी गुंठा-दोन गुंठे घेतले. त्यांना बेकायदा म्हणत राहणं अन्यायच होता. पण नियमित होतो तो कागद. जमिनीचा उतार नियमित होत नाही, अरुंद बोळ रुंद होत नाही. नळाचं पाणी दाबानं चढावर जातं. गटाराला उतार लागतो, नाहीतर पंप. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाचं पाणीच निचरत नाही, तिथं सांडपाण्याची काय कथा!

शिवाय गटाराची नळी सर्वांत खोल, म्हणून ती आधी टाकायला हवी. आपण करतो उलटं: आधी नळ, मग डांबर, मग पुन्हा खोदाई. एकाच रस्त्याचे पैसे लोक दोनदा भरतात.

कुणी विचारेल, मग गटार होईपर्यंत लोकांना तहानलेलं ठेवायचं का? मुळीच नाही. पाणी थांबवा असं आम्ही म्हणत नाही. दोन्हींचं अंदाजपत्रक एक असावं, मंजुरी एक असावी आणि विकास शुल्काच्या पावतीवर गटाराची मुदत लिहिलेली असावी, एवढंच म्हणतो.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचं, तर नळ हा आपला हक्क आहे आणि गटार हे आपलं कर्तव्य. हक्क मागायला मोर्चा निघतो, कारण कोरडा नळ आपल्याला दिसतो. आपलं सांडपाणी ज्याच्या दारात जातं तो आपल्या वॉर्डात मत देत नाही, म्हणून कर्तव्याचा मोर्चा कधी निघत नाही. पालिकेनं सांभाळायचं ते नेमकं हेच. हद्द वाढवणं म्हणजे केवळ घरपट्टीची खाती वाढवणं नव्हे. त्या घरांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बादलीची जबाबदारी घेणं आहे. नव्या वसाहतीत पुढच्या वेळी नळाचं उद्घाटन असेल, तेव्हा पाहुण्यांना एवढं जरूर विचारा: हे पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठं?