माळढोक पक्ष्याचे संरक्षण : राष्ट्रीय कायदे व आंतरराष्ट्रीय करारांची चिकित्सा

प्रास्ताविक

वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात कायद्यांची नावे, वर्षे व कलमे यांची जंत्री विपुल असते. परंतु त्या कायद्यांनी प्रत्यक्षात काय साधले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो एका पक्ष्याच्या संदर्भात विचारावयाचा आहे. माळढोक हा पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आणि २०२० पासून स्थलांतरित प्रजातींविषयीच्या बॉन कराराच्या पहिल्या परिशिष्टातही समाविष्ट आहे. म्हणजे कायद्याचे सर्वोच्च संरक्षण त्याला तीन ठिकाणी लाभले आहे. असे असूनही २०११ पासून त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. संरक्षण वाढत असताना पक्षी कमी का होत गेला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

राष्ट्रीय कायद्याची चौकट

१९७२ साली वन्यप्राणी हा राज्यसूचीतील विषय होता. त्यामुळे राज्यांच्या ठरावांच्या आधारे, संविधानाच्या अनुच्छेद २५२ अन्वये संसदेने हा अधिनियम संमत केला. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वन्यजीवांचे संरक्षण समवर्ती सूचीत आले, तसेच अनुच्छेद ४८-अ व ५१-अ (छ) यांचा संविधानात अंतर्भाव झाला.

या अधिनियमाचा गाभा दुहेरी आहे. कलम ९ शिकारीस बंदी करते आणि कलम १८ पासूनची कलमे अभयारण्यांची तरतूद करतात. पहिल्या भागाचे यश नाकारता येत नाही. बंदुकीच्या शिकारीने माळढोक संपण्याच्या मार्गावर होता, ती कायदेशीर वाट या अधिनियमाने बंद केली. मात्र या कायद्याच्या दृष्टीपुढे गुन्हेगार म्हणून शिकारी उभा आहे. ज्वारीऐवजी ऊस लावणारा शेतकरी, माळावर वृक्षलागवड करणारे खाते किंवा विजेची तार ओढणारी कंपनी यांपैकी कोणीही शिकारी नव्हे. माळढोकाचा ऱ्हास मात्र मुख्यतः अशाच कायदेशीर कृतींतून झाला.

नान्नजचा अनुभव

सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८४९६ चौ.कि.मी. होते. गावे, खाजगी शेती, वस्त्या हे सारे त्याच्या सीमेत आले. अधिनियमातील कलम १९ ते २५ मध्ये स्थानिकांच्या हक्कांची चौकशी व निवाडा यांची प्रक्रिया दिलेली आहे. एवढ्या विस्तीर्ण व लोकवस्तीच्या प्रदेशात ती पार पाडणे व्यवहारतः अशक्य होते. परिणामी जमिनींच्या व्यवहारांवर व विकासकामांवर निर्बंध आले आणि पक्ष्याविषयी आस्था निर्माण होण्याऐवजी रोष निर्माण झाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १२२२ चौ.कि.मी. पर्यंत घटविण्यात आले.

याच काळात उजनी धरणाच्या पाण्याने जिल्ह्याची पीकरचना बदलली. ज्वारी, भुईमूग, कडधान्ये यांच्या कोरडवाहू शेतात माळढोक वावरतो. उंच, दाट उसात नाही. गवताळ माळाची सरकारी नोंद बहुधा 'पडीक जमीन' अशीच होत आल्याने त्याचा 'सदुपयोग' करणे हे विकासाचे काम ठरले. सदर अभयारण्यात काळवीट वाढले, माळढोक मात्र दुर्मिळ झाला. एकाच कायद्याचे हे दोन परिणाम बोलके आहेत. शिकारबंदीने जो प्राणी सावरतो तो सावरला. ज्याला विस्तीर्ण मोकळा अधिवास हवा आणि ज्याची मादी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालते, तो पक्षी सावरला नाही.

२००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र व सामुदायिक राखीव क्षेत्र असे दोन नवे प्रकार आणले. यांपैकी दुसऱ्यात खाजगी वा सामुदायिक जमीन मालकांच्या संमतीने राखता येते. सोलापूरच्या माळांना हीच चौकट अधिक साजेशी होती. ती दोन तपे उशिरा आली.

आंतरराष्ट्रीय करार : व्याप्ती व मर्यादा

सायटिस करार १९७३ मध्ये झाला व भारत त्यात १९७६ साली सहभागी झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमातील अनुसूची सहांवरून चारवर आणून सायटिसच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी सायटिसचा विषय आंतरराष्ट्रीय व्यापार हा आहे. माळढोक व्यापारामुळे नष्ट होत नाही.

बॉन कराराचा आवाका अधिक व्यापक आहे. अधिवासाचे जतन करणे व स्थलांतरातील अडथळे दूर करणे यांसाठी तो सदस्य राष्ट्रांस प्रयत्नशील राहण्यास सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगर येथे भरलेल्या परिषदेत माळढोक पहिल्या परिशिष्टात आला. परिषदेचे बोधचिन्हही तोच होता. भारत व पाकिस्तान यांच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या पक्ष्यासाठी हे महत्त्वाचे होते. परंतु 'प्रयत्नशील राहणे' ही भाषा दंड करणारी नाही, आणि असे करार देशांतर्गत कायद्यात उतरल्याशिवाय त्यांस धार येत नाही. अनुच्छेद २५३ संसदेस तो अधिकार देतो. अधिवासाच्या बाबतीत मात्र तो पुरेसा वापरला गेलेला नाही.

दोन जबाबदाऱ्यांतील संघर्ष

राजस्थान व गुजरातमधील वीजवाहिन्यांना धडकून माळढोक मरतात. जड शरीर व समोरचे मर्यादित दृष्टिक्षेत्र यांमुळे तार त्यास वेळीच दिसत नाही. या प्रश्नावर २०१९ मध्ये एम. के. रणजितसिंह यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १९७२ च्या अधिनियमाच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांनाच त्या अधिनियमाबाहेरचा मार्ग धरावा लागला, हे या कायद्याच्या मर्यादेचे सर्वांत स्पष्ट निदर्शक होय.

एप्रिल २०२१ च्या आदेशाने वाहिन्या भूमिगत करण्याचे निर्देश दिले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९,००० चौ.कि.मी. क्षेत्रासाठीचा तो सरसकट निर्देश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निर्णयात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य झाला. पॅरिस कराराची सौरऊर्जा आणि बॉन कराराचा पक्षी एकाच माळावर समोरासमोर आले. यांत अग्रक्रम कोणास, हे कोणताच करार सांगत नाही. मात्र सौरऊर्जेच्या मागे गुंतवणूक, उद्दिष्टे व मुदती आहेत. पक्ष्याच्या मागे केवळ परिशिष्ट आहे. हा तोल कायद्याने साधला नाही तर तो बाजाराकडून साधला जाईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, प्रजातीकेंद्री संरक्षण शिकारीपुरते परिणामकारक ठरते, अधिवासास ते अपुरे आहे. दोन, गवताळ प्रदेशास 'पडीक' या महसुली संज्ञेतून मुक्त करून स्वतंत्र कायदेशीर दर्जा देणे आवश्यक आहे. तीन, संरक्षित क्षेत्र आखताना जमीनधारकांची संमती व मोबदला यांचा विचार घोषणेच्या आधी व्हावयास हवा. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मास आले, ही विज्ञानाची मोठी उपलब्धी आहे. परंतु पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास अखेर सोडावयाचे कोठे, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हे. त्याचे उत्तर जमिनीच्या कायद्यानेच द्यावयाचे आहे.