तीर्थावळी गाळून वाचू नका

२ आणि ३ यांच्यापुढचा आकडा कोणता? अंकगणित श्रेढी असेल तर ४, भूमिती श्रेढी असेल तर ४.५ आणि हरात्मक श्रेढी असेल तर थेट ६. संख्याशास्त्रातही असंच आहे. दोन बिंदूंमधून सरळ रेषा हमखास जाते. ती चुकतेय का, हे कळायला तिसरा बिंदू लागतो.

संत नामदेवांनी अभंगांतून लिहिलेलं ज्ञानेश्वरांचं चरित्र मी असंच वाचतो. नामदेव म्हणजे आपल्या हिंगोलीतल्या, कयाधूकाठच्या नर्सीचे. (जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, हा वाद जुनाच आहे.) चरित्राची प्रकरणं तीन: आदि, तीर्थावळी, समाधी. आदिमध्ये चार भावंडांचा जन्म आणि समाजाने केलेला छळ. समाधीमध्ये १२९६ सालची आळंदी. बहुतेक जण ही दोनच टोकं धरतात आणि मग रेषा सरळ निघते: अवतार आला, कार्य झालं, गेला.

मधली तीर्थावळी या रेषेवर बसत नाही. तिच्यात ज्ञानेश्वर नामदेवांकडे सोबत मागायला येतात. नामदेवांचा पाय पंढरपुरातून निघत नाही. शेवटी विठ्ठलच त्यांना ज्ञानेश्वरांच्या हाती सोपवतो. वाटेत ज्ञानेश्वर भजनाची रीत विचारतात. ज्ञानेश्वरी सांगणारा माणूस इथे ऐकणारा होतो! पुढे मारवाडात तहान लागते. ज्ञानेश्वर योगबळाने विहिरीत उतरून पाणी पितात. नामदेव काठावर विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर भरून वाहते. आपण चमत्कार म्हणून हे पान उलटतो. मला त्यात दोन मित्रांमधला न मिटलेला वाद दिसतो, ज्ञान की भक्ती हा.

एक खटकतं. चरित्रकार स्वतःच पात्र झालाय आणि विहिरीच्या प्रसंगात वरचढही ठरलाय. हे सगळे अभंग एकाच नामदेवांचे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरीही तीर्थावळी गाळली तर समाधीचा सूरच बदलतो. उरतो तो फक्त सोहळा. ती वाचून आळंदीत पोचलं, की नारा, विठा, गोंदा, महादा ही नामदेवांची मुलं समाधीची जागा झाडताना दिसतात, आणि कोणाच्या सोबत्यासाठी ती झाडली जातेय, हे आपल्याला ठाऊक असतं.