मुठीचा निकाल

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात भर रहदारीच्या रस्त्यावर एक हात टांगलेला आहे. चोवीस फूट लांबीचा, काशाचा, आणि त्याच्या टोकाला घट्ट आवळलेली मूठ. ना धड, ना चेहरा. रॉबर्ट ग्रॅहम या शिल्पकाराने घडवलेले जो लुई या मुष्टियोद्ध्याचे हे स्मारक १९८६ साली उभे राहिले. मी ते छायाचित्रांतच पाहिले आहे आणि दर वेळी मनात एकच तक्रार उठली आहे : मूठ आहे, पण माणूस कुठे आहे?

दिवाळीच्या फराळाशेजारी फुटक्या भुवयांच्या आणि सुजल्या ओठांच्या गोष्टी मांडतो आहे, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्याला दुसऱ्याचे आयुष्यही कादंबरीसारखे वाचण्याची खोड जडते. आणि जो लुईची कारकीर्द आपण चुकीची वाचतो, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

आपण वाचतो ते आकडे. १९३४ ते १९५१ या काळात व्यवसायी म्हणून ६६ विजय, त्यांतले ५२ नॉकआउट, पराभव अवघे तीन. १९३७ पासून जवळजवळ बारा वर्षे जागतिक हेवीवेट अजिंक्यपद, आणि ते राखण्यासाठी पंचवीस लढती. या पंचवीसांपैकी केवळ तीनच गुणांवर गेल्या. एवढे वाचले की आपण म्हणतो, काय विलक्षण ताकद! आणि पान उलटतो.

नॉकआउट म्हणजे काय हे एकदा नीट पाहिले पाहिजे. मुष्टियुद्धात जिंकण्याचे मुख्य मार्ग दोन. ठरलेल्या फेऱ्या संपेपर्यंत दोघेही उभे राहिले, तर पंच आपापल्या कागदावर मांडलेल्या गुणांवरून निकाल देतात. आणि एकजण खाली पडून दहा अंक मोजून होईपर्यंत उठला नाही, किंवा लढण्याच्या अवस्थेतच उरला नाही, तर कागद कोणी उघडतच नाही. आपल्या आखाड्यातल्या निकाली कुस्तीसारखेच हे : पाठ लागली की लागली, तिथे मतांना जागा नाही.

आता अलाबामातल्या वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णी कुटुंबात १९१४ साली जन्मलेला हा मुलगा डेट्रॉइटला येतो आणि मुष्टियुद्ध शिकू लागतो. त्याला व्यवसायाचे धडे देणारा जॅक ब्लॅकबर्न हा स्वतः जुना कृष्णवर्णी मुष्टियोद्धा, तुरुंग भोगून आलेला, जगाविषयी कसलाही भ्रम न उरलेला. त्याने शिष्याला बजावले, की गोऱ्या पंचांच्या कागदावर विसंबू नकोस, तुझी मूठच तुझा पंच असू दे. माझ्या मते लुईच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली या एका उपदेशात आहे. त्याचे नॉकआउट हे ताकदीचे प्रदर्शन नव्हते. ज्याच्या हातात लेखणी आहे त्याच्यापर्यंत प्रकरण जाऊच न देण्याची ती तजवीज होती.

आणि ती तजवीज किती कष्टाची! जुन्या चित्रफिती आज घरबसल्या पाहायला मिळतात. त्या पाहताना लुईच्या मुठीकडे बघू नये, पायांकडे बघावे. तो नाचत नाही, उड्या मारत नाही. बोटभर पाऊल पुढे, मग दुसरे पाऊल, असा जमिनीला धरून सरकतो आणि समोरच्याच्या पायांखालची जागा थोडीथोडी काढून घेतो. डावा हात सारखा समोरच्याच्या तोंडावर ठोठावत राहतो. शेवटचा उजवा ठोसा लांबून फेकलेला नसतोच. सुतार खिळ्यावर हातोडी मारतो तसा आखूड, नेमका, न गाजवता मारलेला. पडणारा पडतो तेव्हा प्रेक्षक चकित होतात. पायांकडे पाहणारा होत नाही.

चेहऱ्याचेही तसेच. लुईच्या आधीचा कृष्णवर्णी विजेता जॅक जॉन्सन रिंगणात गोऱ्यांना खिजवून हसायचा आणि गोऱ्या बायकांबरोबर उजळ माथ्याने फिरायचा. १९१५ साली त्याचे पद गेले, त्यानंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णी माणसाला त्या पदासाठी लढू दिले गेले नाही. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला नियम घालून दिले : पडलेल्या माणसापुढे आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या बाईबरोबर छायाचित्र काढायचे नाही. लुईने चेहरा दगडासारखा केला. वर्तमानपत्रांनी त्यावरून त्याला झोपाळू ठरवले, मंदबुद्धीही ठरवले. वर्गात निमूट बसणारा मुलगा मठ्ठच असणार, असे ठरवून मोकळे होणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले आहेत. काही वर्षे मीही त्यांतलाच होतो.

या कारकिर्दीचा कळस म्हणून सगळे जण २२ जून १९३८ च्या रात्रीकडे बोट दाखवतात. १९३६ साली जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत झोपवले होते. त्याचा हिशेब लुईने न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर दोन मिनिटे चार सेकंदांत चुकता केला. हिटलरच्या जर्मनीचा माणूस पडला म्हणून सारी अमेरिका, गोरीसुद्धा, आनंदली. प्रसंग रोमहर्षक आहे, पण कादंबरीकाराच्या दृष्टीने फार सोपा. शिवाय तो खलनायक खलनायकही निघाला नाही. श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद नव्हता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवले होते.

१९४१ ची बिली कॉनविरुद्धची लढत मला त्याहून मोलाची वाटते. पंचवीस पौंडांनी हलका असलेला कॉन बारा फेऱ्यांअखेर दोन पंचांच्या कागदांवर पुढे होता, तिसऱ्याच्या कागदावर बरोबरीत. उरलेल्या तीन फेऱ्या जपून काढल्या असत्या तर अजिंक्यपद त्याचे होते. तेराव्या फेरीत तो लुईला नॉकआउट करायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतःच पडला. गोऱ्या कॉनला कागद पुरला असता. तो मुठीच्या मोहात पडला. लुईला कागदाचा भरवसा कधी नव्हताच.

परंतु या कारकिर्दीतले खरे पान ५ डिसेंबर १९४७ चे आहे आणि तेच आपण भराभर उलटतो. प्रतिस्पर्धी जर्सी जो वॉलकॉट, हाही कृष्णवर्णी आणि तिशी उलटलेला. त्याने लुईला दोनदा खाली पाडले. पंधरा फेऱ्या संपल्या, मूठ निकाल देऊ शकली नाही, कागद उघडायची वेळ आली. निकाल जाहीर होण्याआधीच लुई रिंगण सोडून निघू लागला होता. त्याच्या माणसांनी त्याला थोपवले. रिंगणातला पंच रूबी गोल्डस्टीन याचे मत वॉलकॉटच्या बाजूने पडले. बाहेर बसलेल्या दोघांनी लुईला जिंकवले. प्रेक्षकांनी त्या निकालाची हुर्यो केली.

ज्या कागदाच्या भीतीने हा माणूस तेरा वर्षे ठोसे मारत आला, त्याच कागदाने त्याला आता तारले. आणि तेही आपल्यासारख्याच एका माणसाच्या तोंडचा घास काढून. निघून जाऊ लागलेली ती त्याची चार पावले मला त्याच्या बावन्न नॉकआउटांहून मोठी वाटतात. पुढच्या जूनमध्ये त्याने वॉलकॉटला अकराव्या फेरीत पाडले आणि १९४९ साली निवृत्ती जाहीर केली.

ती टिकली नाही, आणि तिथेही कागदच आडवा आला. १९४२ साली दोन लढतींची आपली कमाई त्याने आरमार आणि सेना यांच्या मदतनिधींना दिली होती आणि स्वतः सैन्यात भरती झाला होता. सरकारने त्या दान केलेल्या पैशांवरही कर मागितला. सढळ हात, अजागळ हिशेब आणि वाढते व्याज यांनी तो आकडा पुढे दहा लाख डॉलरांवर गेला. लुईचा स्वतःचा दोष यात नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पैसा त्याच्या हातात पाण्यासारखा राहिला नाही. पण कर्जापायी तो १९५० साली पुन्हा रिंगणात उतरला आणि एझर्ड चार्ल्सकडून हरला, पंधरा फेऱ्या, गुणांवर.

मग २६ ऑक्टोबर १९५१. न्यू यॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर रॉकी मार्सियानो, नऊ वर्षांनी लहान, लुईला दैवत मानणारा. आठव्या फेरीत लुई एकदा पडला, उठला. दुसऱ्या वेळी तो दोऱ्यांमधून मागे कोसळला आणि त्याचा एक पाय दोरीवर राहिला. मार्सियानो नंतर कपडे बदलण्याच्या खोलीत रडला. त्या रात्रीही रिंगणात पंच होता तो रूबी गोल्डस्टीनच, चार वर्षांपूर्वी लुईच्या विरुद्ध मत देणारा. त्याने दहा अंक मोजलेच नाहीत. नुसता हात हलवून लढत थांबवली आणि तो लुईकडे धावला.